जुळ्यांची माता आणि यूरिक अम्ल

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात, लालबागेपासून थोड्याच अंतरावर, जयनगरची वसाहत आहे. १९४८ साली तिची पायाभरणी झाली. आधी आखणी आणि मग घरे, या क्रमाने वाढलेल्या या वसाहतीत रस्ते ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ यांच्या क्रमांकांनी ओळखले जातात व त्यांच्या दुतर्फा मोठे वृक्ष आहेत. चौथ्या विभागाला लागून लोकमान्यांच्या नावाचे टिळकनगर आहे आणि त्याच बाजूस जयनगरचे सरकारी सामान्य रुग्णालय. मराठी माणसाला हे शहर कधीच अगदी परके नव्हते. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहून घरात मराठी बोलणारी शिंपी, भावसार आदी कुटुंबे येथे आहेत, आणि अलीकडे पुणे, सोलापूर, बेळगाव या बाजूंनी नोकरीसाठी आलेल्या तरुण जोडप्यांची त्यांत भर पडली आहे.

अशा वसाहतीतील एखाद्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सकाळी गेले, तर रांगेत एखाददुसरी गरोदर स्त्री हटकून दिसते. बरोबर बहुधा तिची आई किंवा सासू असते. संध्याकाळी छापील अहवाल हाती पडतो. त्यात प्रत्येक घटकापुढे मिळालेला आकडा आणि त्याच्या शेजारी निरोगी माणसात आढळणारी मर्यादा दिलेली असते. जो आकडा मर्यादेबाहेर गेला, तो ठळक अक्षरांत छापलेला असतो. घरच्या मंडळींची नजर प्रथम त्यावरच जाते.

समजा, अशा दोन स्त्रियांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिलीला सोळावा आठवडा चालू आहे आणि तिच्या पोटी एक मूल आहे; तिच्या १०० मिलिलिटर रक्तरसात ५.४ मिलिग्रॅम यूरिक अम्ल आढळले. दुसरीला पस्तिसावा आठवडा असून तिला जुळे आहे. तिचा आकडा ६.४ आहे. प्रौढ स्त्रीसाठी छापलेली वरची मर्यादा बहुधा सहाच्या आसपास असते. त्यामुळे दुसरीचा आकडा ठळक छापला जातो आणि पहिलीच्या अहवालावर कोणतीच खूण नसते. घरात घबराट होते ती दुसरीच्या. वस्तुतः पहिलीचे अम्ल तिच्या आठवड्यांच्या मानाने चढे असून त्याची विचारपूस व्हावयास हवी. आणि दुसरीचा रक्तदाब ठीक असेल, तर तिचा आकडा जुळ्यांच्या अनेक निरोगी मातांमध्ये आढळतो त्यांपैकीच आहे. छापील मर्यादा दोन्ही बाजूंनी चुकते, याचे कारण ती गरोदर नसलेल्या स्त्रियांच्या रक्तावरून ठरविलेली असते. तिला ना आठवडे ठाऊक, ना गर्भांची संख्या.

खड्यातून सापडलेले अम्ल

यूरिक अम्लाचा शोध स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शेले याने १७७६ साली लावला, आणि तो रक्तात नव्हे तर मूतखड्यात. प्राणवायूच्या शोधाशीही ज्याचे नाव निगडित आहे, तोच हा शेले. हे अम्ल शरीरात कोठून येते, याचा उलगडा व्हावयास पुढे शंभरावर वर्षे लागली. प्रत्येक जिवंत पेशीच्या केंद्रकात आनुवंशिकतेचे लेख धारण करणारी जी द्रव्ये असतात, त्यांच्या घटकांपैकी दोन प्यूरीन या वर्गातील आहेत. पेशी झिजतात, मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. जुन्या पेशींतील प्यूरिनांची मोडतोड होत होत शेवटी यूरिक अम्ल उरते. काही भाग अन्नातूनही येतो. तयार झालेल्या अम्लापैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्रावाटे व उरलेले आतड्यावाटे बाहेर पडते.

पक्षी आपला नायट्रोजनयुक्त मळ याच रूपात टाकतात. गच्चीवर कबुतरांच्या विष्ठेत जो पांढरा लेप दिसतो तो मुख्यतः यूरिक अम्लाचा. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात यूरिकेज नावाचे एंझाइम असते. ते या अम्लाचे आणखी विघटन करून सहज विरघळणारा पदार्थ बनविते. मनुष्य आणि त्याचे जवळचे आप्त असलेले मोठे कपी मात्र उत्क्रांतीच्या ओघात हे एंझाइम गमावून बसले. म्हणून मानवाच्या रक्तात या अम्लाचे प्रमाण इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने पुष्कळच जास्त असते, आणि म्हणूनच संधिवाताचा गाऊट हा प्रकार माणसाच्या वाट्यास आला आहे.

रक्तातील यूरिक अम्ल ओळखण्याची पहिली सोपी युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनचे वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी काढली. उथळ काचपात्रात रुग्णाचा रक्तरस घेऊन त्यात थोडे ॲसेटिक अम्ल मिसळावयाचे, त्यात तागाचा एक धागा सोडावयाचा आणि पात्र एक-दोन दिवस शांत ठेवावयाचे. अम्ल पुरेसे असेल तर धाग्यावर स्फटिक जमतात, खडीसाखर करताना दोऱ्यावर जमतात तसे. ही परीक्षा मोजमापाची नव्हे. आहे की नाही एवढेच ती सांगे. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत ऑटो फोलिन आणि विली डेनिस यांनी निळा रंग देणारा अभिकारक वापरून थोड्याशा रक्तातील अम्लाचे प्रमाण मोजण्याची रीत सिद्ध केली. रंग जितका गडद, तितके अम्ल अधिक. प्रसूतिशास्त्रज्ञांना मातेच्या रक्तातील यूरिक अम्लाकडे पाहता आले ते या निळ्या रंगामुळेच.

आजच्या प्रयोगशाळा ज्या एंझाइमाला मनुष्य मुकला तेच बाहेरून आणून मोजणी करतात, ही त्यातील एक गंमत. रक्तरसात यूरिकेज मिसळले की यूरिक अम्लापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दुसऱ्या एका एंझाइमाच्या साहाय्याने ते रंग उत्पन्न करते आणि यंत्र त्या रंगाची तीव्रता मोजते. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतलेल्या असतील तर हे पेरॉक्साइड मध्येच खर्च होऊन आकडा खोटाच कमी येऊ शकतो. रक्त देताना आपण कोणत्या गोळ्या घेत आहोत हे सांगणे त्यामुळे इष्ट असते.

गरोदरपणात या अम्लाचा प्रवास सरळ रेषेत होत नाही. पहिल्या काही महिन्यांत ते कमी होते, एरवीच्या मानाने चतुर्थांश ते तृतीयांशापर्यंत. कारणे उघड आहेत. मातेचे रक्तद्रव वाढून पूर्ण दिवसांपर्यंत ४० ते ५० टक्के अधिक होते, म्हणजे तेच अम्ल अधिक पाण्यात विरते. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सुमारे निम्म्याने वाढते. शिवाय वाढलेले ईस्ट्रोजेन हे हॉर्मोन मूत्रावाटे यूरिक अम्ल अधिक बाहेर टाकण्यास साहाय्य करते. पहिल्या तिमाहीत निरोगी मातेत दर १०० मिलिलिटरमागे २.० ते ४.२ मिलिग्रॅम, दुसऱ्या तिमाहीत २.४ ते ४.९ आणि शेवटच्या तिमाहीत ३.१ ते ६.३ असे आकडे आढळतात. अखेरच्या आठवड्यांत गर्भ झपाट्याने वाढतो, त्याच्या पेशींची घडामोड वाढते, मूत्रपिंडेही अम्ल अधिक राखू लागतात आणि आकडा पुन्हा गरोदरपणापूर्वीच्या पातळीकडे येतो. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांत एक ठोकताळा रूढ आहे: आठवड्यांच्या संख्येला दहाने गुणावे, आणि लिटरमागे तितके मायक्रोमोल हे अम्ल धरावे. त्या हिशेबाने बत्तिसाव्या आठवड्यात ३२०, म्हणजेच आपल्याकडील मापाने सुमारे ५.४ मिलिग्रॅम. ठोकताळा सोयीचा आहे. पण तो एकाच मुलाच्या मातेवरून बांधलेला आहे.

दोन गर्भांचा भार

आवळीजावळी मुले आपल्याकडे पूर्वीपासून कौतुकाचा आणि थोडा धास्तीचा विषय. जगात सर्वत्र त्यांचे प्रमाण सारखे नाही. आफ्रिकेच्या काही भागांत ते पुष्कळ अधिक, तर दक्षिण व पूर्व आशियात कमी. मात्र गेल्या काही दशकांत ते वाढत आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक गणनेनुसार १९८० च्या दशकात दर हजार प्रसूतींमागे ९.१ जुळी जन्मत असत, ती संख्या १२.० वर गेली आहे. मातृत्वाचे वय पुढे गेले, हे याचे एक कारण. शरीराबाहेर गर्भधारणा घडवून आणण्याचे तंत्र, हे दुसरे व मोठे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली या तंत्राने जन्मलेले मूल ही भारतातील शास्त्रीय नोंदींसह मांडली गेलेली पहिली घटना मानली गेली. त्यांच्या आठ वर्षे आधी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हेच साधले होते, आणि त्यांचे हे श्रेय जगापुढे आणण्याचे उदार काम पुढे आनंद कुमार यांनीच केले. आनंद कुमार यांचे नंतरचे कार्य बंगळूरला झाले. आज जयनगरसारख्या वसाहतींत अशा उपचारांचे दवाखाने ठिकठिकाणी दिसतात, आणि त्यांच्यामागोमाग जुळ्यांच्या माताही.

जुळ्यांच्या मातेत रक्तद्रवाची वाढ एका मुलाच्या मातेपेक्षाही अधिक असते. केवळ पाण्याचा विचार केला तर तिचे यूरिक अम्ल आणखी विरळ, म्हणजे कमी, असावयास हवे. प्रत्यक्षात ते अधिक असते. १९९५ साली अमेरिकेतील रिचर्ड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या आणि एका मुलाच्या माता घेऊन हीच तुलना केली. रक्तदाब ठीक असलेल्या स्त्रियांतही जुळ्यांच्या मातांची सरासरी निश्चितपणे वर होती, आणि रक्तदाबाचा विकार जडलेल्यांतही जुळ्यांच्या मातांचीच अधिक होती. पाणी वाढूनही दाटपणा वाढतो, याचा अर्थ भर त्याहून जोराने पडत आहे. ती पडते दोन वाढत्या देहांतून आणि मोठ्या वारेतून. मातेच्या रक्तातून पोषण घेऊन गर्भाला देणारी ही वार प्रसूतीनंतर ‘पडते’ आणि विसरली जाते. पण नऊ महिने ती स्वतःही एक वेगाने वाढणारा व झिजणारा अवयव असते. गर्भाचे यूरिक अम्ल वारेतून मातेच्या रक्तात येते आणि तेथून मातेच्या मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावे लागते. मुले दोन, पण गाळणारी मूत्रपिंडे एकाच आईची.

मूत्रपिंडांचे वर्तन येथे थोडे विचित्र आहे. त्यांतील सूक्ष्म केशिकागुच्छ रक्तातील यूरिक अम्ल मुक्तपणे गाळतात. पण त्यांना जोडलेल्या नलिका गाळलेल्यापैकी सुमारे ९० टक्के अम्ल पुन्हा रक्तात ओढून घेतात. या कामातील मुख्य वाहक प्रथिन जपानी संशोधकांनी २००२ साली शोधून काढले. नलिकांच्या या सवयीमुळे थोडासा फरकही आकड्यावर मोठा परिणाम करतो. रक्तवाहिन्या आवळल्या, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी झाले, की नलिका क्षाराबरोबर यूरिक अम्लही अधिकच धरून ठेवतात. आणि गरोदरपणात रक्तवाहिन्या आवळणारा जो आजार आहे, त्याच्याचमुळे या अम्लाची गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत शिरली.

त्या आजाराचे उग्र रूप म्हणजे गर्भाक्षेपक. डॉक्टर त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. गरोदर किंवा बाळंत स्त्रीला अकस्मात झटके येतात, शुद्ध हरपते, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास माता व मूल दोघेही दगावू शकतात. झटके येण्यापूर्वीची जी अवस्था ती प्रीएक्लॅम्पसिया: विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० व ९० च्या वर चढतो आणि त्याबरोबर मूत्रात प्रथिन जाते, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त, मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. एके काळी हा आजार रक्तात भिनलेल्या विषामुळे होतो असे समजत, आणि ते विष शोधण्यात पिढ्या खर्ची पडल्या. १९१७ साली येल येथील प्रसूतितज्ज्ञ मॉरिस स्लेमन्स आणि रसायनशास्त्रज्ञ जीन बोगर्ट यांनी फोलिनची निळी रीत वापरून मातेचे व नवजात बालकाचे रक्त तपासले. दोहोंत यूरिक अम्लाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. गर्भाक्षेपकाच्या रुग्णांत मात्र ते चढलेले होते. काहींना वाटले, विष सापडले.

विष सापडले नव्हते. न्यू जर्सीतील एका प्रसूतिगृहात काम करणारे लिऑन चेस्ली यांनी १९४५ साली मूत्रपिंडांचीच परीक्षा केली. चेस्ली वैद्य नव्हते, शास्त्रज्ञ म्हणून तेथे नोकरीस लागले होते, आणि कदाचित म्हणूनच रूढ समजुतींचे ओझे त्यांच्यावर नव्हते. या आजारात यूरिक अम्ल वाढते ते मुख्यतः मूत्रपिंडे ते सोडीत नाहीत म्हणून, असे त्यांनी दाखवून दिले. आजाराचे मूळ त्याहून खोल, वारेत आहे. गर्भधारणेच्या प्रारंभी वारेच्या पेशी मातेच्या गर्भाशयातील वळणदार रोहिण्यांत शिरून त्या रुंद करतात. हे काम अपुरे राहिले तर वारेला पुरेसे रक्त मिळत नाही आणि ती मातेच्या रक्तात अशी प्रथिने सोडू लागते की ज्यांमुळे सर्व देहातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. यांपैकी एक महत्त्वाचे प्रथिन २००३ साली बोस्टन येथे ओळखले गेले. त्या संशोधनाचे नेते अनंत करुमंची हे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे असेही आढळले, की जुळ्यांच्या मातेत हे प्रथिन एरवीच्या सुमारे दुप्पट असते, आणि ते वारेच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. जुळ्यांच्या मातांना प्रीएक्लॅम्पसिया दोन ते तीन पट अधिक का होतो, याचा एक धागा येथे हाती लागतो. पण त्याबरोबर एक अडचणही पुढे येते. जे द्रव्य आजाराची खूण म्हणून मोजावे, तेच निरोगी जुळ्यांच्या मातेतही वाढलेले. यूरिक अम्लाचे दुखणे नेमके हेच आहे.

आकडा आणि निर्णय

१९७६ साली ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर रेडमन व त्यांचे सहकारी यांनी असे मांडले, की रक्तदाब वाढलेल्या गरोदर स्त्रियांत गर्भाला असलेला धोका रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा यूरिक अम्लावरून अधिक चांगला कळतो. या निष्कर्षाचा प्रभाव मोठा पडला. रक्तदाबाच्या रुग्ण मातेचे यूरिक अम्ल तपासणे हा अनेक रुग्णालयांत नित्याचा पाठ झाला आणि भारतातही तो रुळला. तीस वर्षांनी, २००६ साली, तोवर झालेल्या १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्यांत ३,९१३ स्त्रियांची नोंद होती. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या कोणत्या स्त्रीला पुढे गुंतागुंत होईल आणि कोणाला होणार नाही, हे या अम्लावरून नीटसे सांगता येत नाही, असा तो हिशेब निघाला. वाद त्यावर मिटला नाही. २००५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, रक्तदाबाबरोबर यूरिक अम्लही वाढलेले असेल तर बाळ लवकर वा लहान जन्मण्याचा संभव वाढतो, असे दिसले होते. गरोदरपणातील रक्तदाबाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली दिलेला सल्ला या दोहोंच्या मधला आहे: अम्ल चढलेले दिसले तर बाळाच्या वाढीकडे अधिक बारकाईने पाहावे, परंतु प्रसूती केव्हा करावयाची हे त्या आकड्यावरून ठरवू नये.

हा शेवटचा भाग जुळ्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा. या आजारावर मुळातून इलाज एकच आहे: वार शरीराबाहेर येणे, म्हणजे प्रसूती. म्हणून चिंता वाटली की डॉक्टरांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘आता की थोडे थांबून’ हा. जुळी तशीही लवकर येतात. निम्म्याहून अधिक सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात. चौतिसाव्या आठवड्यातील बाळाला श्वास, दूध ओढणे, अंगातील ऊब टिकविणे या प्रत्येक गोष्टीत साह्य लागू शकते. आणि येथे बाळे दोन. केवळ एका ठळक छापलेल्या आकड्यामुळे त्यांना दोन-तीन आठवडे आधी बाहेर आणले, तर त्याची किंमत ती दोन बाळे देतात. उलट रक्तदाब चढत असताना ‘अम्ल तर मर्यादेत आहे’ म्हणून निश्चिंत राहिले, तर ती किंमत मातेला द्यावी लागते. दुसरी चूक पहिलीहून भयंकर, कारण झटक्यांना आठवड्यांची वाट पाहण्याचे बंधन नसते.

मग तपासणी निरर्थक आहे का? तसेही नाही. एकटा आकडा कमी बोलतो. ओळीने घेतलेले आकडे अधिक सांगतात. ज्या मातेचे अम्ल बाराव्या आठवड्यात ३.४ होते व बत्तिसाव्यात ४.९ झाले, तिची वाट सरळ आहे. जिचे तिसाव्या आठवड्यात ४.८ होते आणि दोनच आठवड्यांत ६.९ वर गेले, तिचा रक्तदाब त्या दिवशी बरा दिसला तरी तिला लवकर पुन्हा बोलावणे शहाणपणाचे. यासाठी गरोदरपणाच्या आरंभीचा एखादा आकडा नोंदलेला असेल तर त्याचे मोल पुढे कळते. आणि तुलना करावयाची ती त्याच स्त्रीच्या मागील आकड्याशी, शेजारणीच्या अहवालाशी नव्हे.

घराघरांत मात्र अहवाल आला की पहिला घाव पडतो तो स्वयंपाकावर. यूरिक अम्ल म्हणताच वरण बंद, पालक बंद, उसळी बंद. जयनगरच्या घरात याचा अर्थ तुरीच्या डाळीचे सांबार बंद, बिसीबेळे भात बंद. ही समजूत गाऊटच्या रुग्णाला दिलेल्या पथ्यावरून आलेली आहे, आणि तेथेही ती अर्धीच खरी. मांस, काळीज, काही मासे व मद्य यांनी गाऊटचा धोका वाढतो. डाळी व भाज्यांतील प्यूरिनांनी तो तसा वाढत नसल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसून आले. गरोदरपणात चढलेले अम्ल तर ताटातून नव्हे, वार आणि मूत्रपिंड यांच्या व्यवहारातून आलेले असते. दोन मुले पोसणाऱ्या शाकाहारी स्त्रीची डाळ काढून घेणे म्हणजे तिच्या प्रथिनांचा मुख्य आधार काढून घेणे होय. गाऊटसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी आकडा खाली आणणे हाही या अवस्थेवरचा उपचार नव्हे.

खरे लक्ष हवे ते दुसरीकडे. जुळी आहेत हे सोनोग्राफीत लवकर कळले, आणि दोघांची वार एक की दोन हेही चौदाव्या आठवड्यापूर्वी पाहिले गेले, तर पुढची आखणी नीट होते. धोका अधिक असलेल्या मातेला डॉक्टर बाराव्या आठवड्याच्या सुमारास अगदी थोड्या मात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात. त्याने प्रीएक्लॅम्पसिया काही अंशी टळतो. ते स्वतःच्या मनाने घेण्याचे औषध मात्र नाही. रक्तदाब वारंवार मोजणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साधन आहे. ठसठसणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांखाली पोटात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी आलेली सूज, यांपैकी काहीही झाले तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे जुने, स्वस्त औषध अजूनही श्रेष्ठ आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांचे कमी वजन ध्यानात घेऊन या औषधाच्या लहान मात्रांची पद्धत वापरली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. आकडे परक्या देहांवरून घेतलेले असले की ते आपल्या रुग्णाला तपासूनच लावावे लागतात, ही जाणीव त्या कामामागे होती.

कर्नाटकात गरोदर स्त्रीला सरकारकडून नोंदीचे एक कार्ड मिळते. त्याला ‘तायी कार्ड’ म्हणतात. मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. कानडीत तायी म्हणजे आई. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते, आणि जोखमीच्या गरोदरपणाच्या कार्डावर लाल खूण चिकटविण्याची रीत त्यात आहे. जुळी असणे हे त्या खुणेचे एक कारण. यूरिक अम्लाचा आकडा कार्डावर असो वा नसो, रक्तदाबाच्या रकान्यात प्रत्येक भेटीची नोंद पडलेली आहे की नाही, हे बरोबर आलेल्या आईने किंवा सासूने जरूर पाहावे. जागा रिकामी दिसली तर विचारण्यात संकोच नसावा.

प्रसूतीनंतर वार पडते, आणि काही दिवसांत मातेचे यूरिक अम्ल उतरू लागते. रक्तदाब मात्र लगेच उतरतोच असे नाही. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा चढू शकतो, आणि झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत रक्तदाबाचे यंत्र सहा आठवडे तरी हाताशी असावे. त्याच दिवसांत यूरिक अम्ल एकदा डोळ्यांना दिसूनही जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळांच्या लंगोटावर विटकरी रंगाचा डाग पडतो आणि आजी रक्त समजून दचकते. ते रक्त नसते. नवजात बाळाच्या मूत्रातून पडलेले यूरिक अम्लाच्या क्षारांचे ते स्फटिक असतात. दूध नीट उतरून बाळे भरपूर पिऊ लागली की एक-दोन दिवसांत लंगोट पुन्हा स्वच्छ निघतात. डाग त्यानंतरही राहिला, तर बाळाला दूध पुरत नसल्याची शंका घेऊन त्याला डॉक्टरांना दाखवावे. आणि जुळ्यांत दोन्ही लंगोट वेगवेगळे पाहावेत, कारण एक बाळ पोटभर पीत असताना दुसरे अर्धपोटी राहणे सहज घडते.